चिंगीची कावीळ

मासा मेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि दीड इंचाच्या माशापायी कुणी जीव टांगू नये. मासा जगला, धडधाकट आहे, आणि सध्या त्याचा घरात भलताच दरारा आहे. पण पिंपळवंडीत गोरख वाळुंजांच्या दारात जाऊन हे बोलू नका. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मासा कधी आजारी पडलाच नव्हता, गुरांचे डॉक्टर त्याला बघायला आलेच नव्हते, आणि आणे गावच्या पठारावरून कुणाला मोटारसायकलवर मागे बसवून आणलेलं नव्हतं. घरमालकच म्हणतोय म्हटल्यावर तसंच असणार. तेव्हा जे घडलंच नाही, ते पहिल्यापासून ऐकायला हरकत नाही.

गोरखभाऊंचा मुलगा आदेश सत्तावीस वर्षांचा. तीन एकर द्राक्षबाग, दोन एकर टोमॅटो, शेततळं, दुमजली घर, आणि लग्न जमेना. चार वर्षांत बत्तीस मुली बघून झाल्या. पोह्यांच्या नुसत्या वासाने आदेशला घाम फुटायला लागला. प्रत्येक मुलीचा बाप बागेत हिंडायचा, घडांवरून हात फिरवायचा, शेततळ्यात डोकावायचा आणि गाडीत बसताना विचारायचा, "हे सगळं छान आहे हो, पण मुलगा करतो काय?"

तेहेतिसावी मुलगी मंचरची. तेजस्विनी. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. तिने बाग बघितलीच नाही. तिने फक्त विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठलं? बोअरचं का कालव्याचं?" गोरखभाऊंनी अभिमानाने कालव्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल कपाटातून काढून दिला. तिने तो बापाच्या हातातल्या पोह्यांवर धरून पूर्ण वाचला आणि म्हणाली, "चालेल." साखरपुडा झाल्यावर कळलं, की हे पाणी तिने स्वतःसाठी विचारलं नव्हतं. तिच्याकडे माशांची टाकी होती, आणि रुखवतात शिलाई मशीन, कपाट वगैरे काही न येता ती टाकी येणार होती.

लग्नाला तीन आठवडे असताना मंचरच्या घराला रंग लावायला काढला. रंगाच्या वासाने मासे दगावतात, म्हणून रुखवत आधीच पिंपळवंडीत पोचलं. टाकीत मासे दोनच होते. एक मोठा, लाल-निळ्या झालरीचा, काही कामधंदा न करता इकडून तिकडे फिरणारा. त्याचं नाव मुकादम. दुसरी लहान, मातकट रंगाची, ती चिंगी.

"हे बुटके सिक्लिड," तेजस्विनीने ओळख करून दिली. "साउथ अमेरिकेतले. पाणी ढवळायचं नाही, टाकीत हात घालायचा नाही, खाणं सकाळ-संध्याकाळ चिमूटभर." मग टाकीतल्या भोक पाडलेल्या करवंटीकडे बघत ती हसून म्हणाली, "आबा, जपा यांना. बाकी घर कसं आहे ते मला यांच्यावरूनच कळेल."

गोरखभाऊंना हसू आलं नाही. तेहेतिसाव्या मुलीच्या हसण्यावर कोण विश्वास ठेवतो?

गुरुवारी सकाळी आदेश दात घासता घासता बाहेर आला. तोंडात फेस तसाच.

"आबा, चिंगी पिवळी पडली."

"किती?"

"हळदीवानी."

गोरखभाऊ धावले. कालची मातकट चिंगी आज भंडाऱ्यात लोळून आल्यासारखी पिवळीधमक झाली होती. डोळ्यांवरून एक काळी रेघ. करवंटीच्या भोकातून तोंड बाहेर काढून बसली होती. चिमूटभर खाणं टाकलं, तिने बघितलंही नाही. मुकादम सहज म्हणून करवंटीपाशी गेला, तशी ती गोळीसारखी सुटली आणि तिने त्याच्या शेपटीचा तुकडाच काढला. मुकादम पंपाच्या मागे जाऊन उभा राहिला. तिच्याहून दुप्पट मोठा मासा असा भिताना गोरखभाऊंनी पाहिला नव्हता. नवरा असा भिताना पाहिला होता, पण तो भाग वेगळा.

"तेजूला फोन करू?" आदेशने विचारलं.

"खुळा हायस का? तिसऱ्या दिशी मासा मारला म्हणून सांगतोस? तिनं काय सांगितलं व्हतं? ह्यांच्यावरनं घर कळंल. कळलं मंग!"

"पन ती रोज आठ वाजता फोटू मागती."

"कालचा धाड."

आदेशने कालचा फोटो पाठवला. दोन मिनिटांनी उत्तर आलं : 'तुमच्याकडे अजून बुधवारच आहे का?' टाकीच्या मागे भिंतीवर रोज पान फाडायची दिनदर्शिका होती आणि तिच्यावर बुधवार ठसठशीत होता. आदेशने लिहिलं, 'पान फाडायचं राहिलं.' तिने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ काय असावा यावर बापलेकांची पाऊण तास चर्चा झाली.

आदेशची आई बयाबाई हे सगळं भाकरी थापता थापता बघत होती. ती उठली, टाकीपाशी दोन मिनिटं वाकली, मग तिने आपलं जुनं लुगडं आणून टाकीच्या खिडकीकडच्या बाजूला टांगलं.

"हे काय?"

"उजेड सोसंना तिला," बयाबाई म्हणाली आणि परत चुलीपाशी गेली. तिला आणखी काही विचारावं असं कुणाला वाटलं नाही.

गोरखभाऊंचा एक नेम होता. काही पिवळं पडलं, वाळलं किंवा सुकलं, की त्याचा फोटो काढायचा आणि अमृतच्या कृषी सेवा केंद्रात जायचं. वेलीच्या पानापासून स्वतःच्या पाठीवरच्या गजकर्णापर्यंत सगळं त्यांनी तिथेच दाखवलं होतं. अमृतने मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"पिवळेपणा कडंनं सुरू झाला का मधनं?"

"एकदमच."

"नव्या पानावर का जुन्या?"

"अमृत, मासाय तो."

"ते मला दिसतंय की भाऊ. पन पिवळं ते पिवळं. कडंनं असंल तर पालाश कमी, शिरांच्या मधनं असंल तर मॅग्नेशियम. पाणी किती देता?"

"आरं, त्यो पाण्यातच ऱ्हातो."

"तिथंच तर चुकलं!" अमृतने काउंटरवर थाप मारली. "मुळ्या सडल्या. दोन दिस पाणी तोडा."

गोरखभाऊ क्षणभर खरंच विचारात पडले. इतकी वर्षं अमृतचं ऐकलेलं, एकदम सोडवत नाही. शेवटी पाणी तोडायचं राहिलं आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक बाटली पिशवीत पडली. लिटरला दोन मिली, सकाळच्या गारव्यात. अमृतने जाता जाता तो फोटो 'द्राक्ष-टोमॅटो मार्गदर्शन' या चारशे जणांच्या ग्रुपवरही टाकला, खाली एवढंच लिहून : 'काय असावे? तज्ज्ञांनी मत द्यावे.'

गोरखभाऊ घरी पोचेपर्यंत एकवीस तज्ज्ञांनी मत दिलं होतं. सात जण भुरी म्हणाले, पाच जण करपा. एकाने व्हरायटी कोणती ते विचारलं. एकाने, हा व्हायरस आहे, ताबडतोब उपटून पुरून टाका, नाहीतर शेजारच्याला लागेल, असं बजावलं. पिंपरी पेंढारच्या एका सद्गृहस्थाने काहीही न वाचता 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि त्याच्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली ती संध्याकाळपर्यंत चालू होती. दोघांनी फोन करून दहावा कधी आहे ते विचारलं.

बाटली बयाबाईने हातातून घेतली. "मी टाकते," म्हणाली, आणि परसात जाऊन कढीपत्त्याच्या मुळाशी ओतून आली. कढीपत्ता पुढे फार छान फुटला.

मात्र शेजारच्याला लागेल हे वाक्य गोरखभाऊंच्या डोक्यात बसलं. त्यांनी मुकादमाला गाळणीने उचलून पितळेच्या हंड्यात हलवलं. मुकादम हंड्यात गेला तो इतका खूश दिसला, की आदेशला संशय आला.

"आबा, मला वाटतं त्यांचं भांडण झालंय."

"तू गप. लगीन झालंय का तुझं? तुला काय कळतंय भांडणातलं?"

शुक्रवारी शेजारच्या गाईला बघायला सरकारी डॉक्टर आले होते. त्यांना दंडाला धरून आणलं. डॉक्टरांकडे एकवीस गावं होती आणि चेहऱ्यावर त्या एकवीस गावांचा शीण होता. त्यांनी टाकीकडे बघितलं, मग गोरखभाऊंकडे बघितलं, मग खुर्ची मागितली.

"जात?"

"सिक्लिड. बुटका."

"गावठी का संकरित?"

"साउथ अमेरिकेचा."

"म्हणजे संकरित." डॉक्टरांनी मोबाईल काढला. "आता सगळं ऑनलाइन आहे. हे बघा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, वराह, कुक्कुट, इतर. इतरमध्ये टाकतो. इतर केलं की हे कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागतं."

सगळ्यांनी वाकून चिंगीच्या कानाची जागा शोधली.

"कान न्हाईत, डॉक्टर."

"मग उपचार केल्याचं वर दिसणार नाही."

"ना दिसू. तुमी उपचार करा."

"वर दिसणार नसेल तर करून उपयोग काय?" डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. पण चहा आला होता, म्हणून त्यांनी कर्तव्य उरकलं. "रवंथ?"

"खातच न्हाई काय."

"शेण?"

गोरखभाऊंनी आदेशकडे बघितलं. आदेशने मान खाली घालून सांगितलं, "बारीक."

"अंगावर येते?"

"आवं, फाडून खाती! नवऱ्याला हंड्यात काढलाय."

डॉक्टरांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली. "माझ्या पुस्तकात मासा नाही. माणूस असता तर मी सरळ कावीळ म्हणालो असतो," असं म्हणून ते स्वतःच्या विनोदावर थोडंसं हसले आणि पुढच्या गावाला गेले.

डॉक्टर फाटकाबाहेर पडायच्या आत गोरखभाऊंनी चार फोन लावले होते. "कावीळ निघाली. व्हय, डॉक्टरनंच सांगितलं. सरकारी डॉक्टर हाय, उगा कोण न्हाई."

रोगाला नाव मिळाल्यावर घरात एकदम हुशारी आली. कावीळ म्हटल्यावर पुढचं सगळं ठरलेलं असतं. काविळीला दवाखान्यात औषध नाही, हे या भागात दवाखान्यातले लोकसुद्धा सांगतात. कावीळ उतरते ती माळेने. मुळीच्या बारीक तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ जसजशी उतरते तसतशी माळ वाढते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून कमरेत, आणि पायातून निघाली की रोगी मोकळा. आणि माळ द्यावी ती आण्याच्या कुशाबांनीच.

तेवढ्यात आठ वाजता पाठवायचा फोटो दहाला पाठवला गेला. या वेळी पान फाडलेलं होतं, शुक्रवार दिसत होता, हंड्यातून मुकादमाला पाच मिनिटं परत आणून उभं केलं होतं. उत्तर आलं : 'चिंगी कुठे?'

आदेश गडबडला. गडबडला की तो पहिलं सुचेल ते लिहितो. त्याने लिहिलं, 'आंघोळीला गेलीय.'

आधी नुसतं एक प्रश्नचिन्ह आलं. मग आलं : 'रविवारी येते.'

शनिवारी गोरखभाऊ आळेफाट्यावरून आण्याला गेले. कुशाबा सत्तरीचे, अंगणात मुळ्या वाळत घालत बसलेले.

"या पावणं. रोगी कोन?"

"घरातलंच हाय."

"बाई का बाप्या?"

"बाई."

"वय?"

"दीड वरीस."

"आरं, तान्हं हाय की!" कुशाबा कळवळले. "अन्न जातं का? काय खातंय?"

"किडं."

कुशाबांचा हात मुळीवर थांबला. गोरखभाऊ तांब्याभर पाणी प्यायले आणि त्यांनी खरं ते सांगून टाकलं. आता हाकलतील, असं त्यांना वाटलं. पण कुशाबा खरे तज्ज्ञ होते. रोगी कोण आहे यावरून त्यांची विद्या अडत नव्हती.

"कावीळ ती कावीळ," ते म्हणाले. "अडचण येकच. माळ डोक्यावरनं गळ्यात उतराय पायजे. माशाला मान कुठनं सुरू व्हती?"

"तुमी म्हणाल तिथनं."

"आन् पाय?"

दोघांनी बराच विचार केला. शेवटी रोगी ज्या घरात राहतो त्या घराला माळ घालावी, म्हणजे करवंटीला, असा तोडगा निघाला. कुशाबांनी अंगठीएवढी माळ ओवली, मग करवंटीचा अंदाज घेऊन बांगडीएवढी केली, आणि पथ्य सांगितलं. रोग्याच्या घरात हळद नाही, तेल नाही, फोडणी नाही.

"पन ती कुठं आमटी खाती?"

"वास तर घेती! मन व्हतं रोग्याचं."

शनिवारी दुपारपासून वाळुंजांच्या घरात फोडणी बंद झाली. मीठ घालून उकडलेली पांढरी डाळ आणि भाकरी. गोरखभाऊंनी दोन्ही जेवणं चिंगीकडे पाठ करून उरकली.

रविवारी सकाळी गोरखभाऊंनी कुशाबांना मोटारसायकलवर मागे बसवून आणलं. आपल्या बाटलीचा गुण बघायला अमृतही आला. आदेशने टाकीचं झाकण काढलं. कुशाबांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, बाही वर केली आणि माळ धरलेला हात पाण्यात घातला. हात करवंटीपाशी पोचला आणि कुशाबा ओरडले.

"चावली! चावली की ओ!"

बोटाला रक्त नव्हतं, पण अपमान पुरेसा होता. "डोक्यात गेली कावीळ," कुशाबा म्हणाले. "माळेचा प्रभाव तिला सोसंना."

"प्रभाव न्हाई, डोस कमी पडला," अमृत म्हणाला. "लिटरला चार मिली कराय पायजे व्हतं."

"तुमचं ते खत आमच्या माळंच्या मधी आणू नका."

"खत? सूक्ष्म अन्नद्रव्य हाय ते!"

या वादात फाटकाशी स्कूटी थांबल्याचं कुणालाच कळलं नाही. तेजस्विनी दारात उभी होती. टाकीला लुगडं टांगलेलं, मुकादम हंड्यात, करवंटीच्या बाजूला मुळ्यांची माळ तरंगतेय, आणि एक अनोळखी म्हातारा ओल्या हाताने बोट चोखतोय, हे सगळं तिने एका नजरेत घेतलं.

"काय चाललंय?"

गोरखभाऊंना तेहेतीस मुलींच्या पोह्यांचा वास एकदम आला.

"चिंगीला कावीळ झालीय," आदेशने शेवटी सांगितलं. "लई केलं आमी, तेजू. चारशे जणांच्या ग्रुपवर बी इचारलं, सगळं केलं."

"कावीळ कुणी सांगितली?"

"सरकारी डॉक्टरांनी," गोरखभाऊ म्हणाले.

"रोज काविळीच्या वीस बाटल्या माझ्या हाताखालून जातात, आबा." तिने मोबाईलची बॅटरी लावली, टाकीपाशी गुडघे टेकले आणि करवंटीच्या भोकात उजेड पाडला. चिंगी तोंड वासून समोर आली. तिला काही न करता तेजस्विनी तिच्या मागे, करवंटीच्या छताकडे बघत राहिली. दहा सेकंद. मग म्हणाली, "पिल्लं झालीत."

"कुणाला?" गोरखभाऊंनी विचारलं.

तिने एकेकाला बोलावून दाखवलं. करवंटीच्या आत, छताला, मोहरीहून बारीक असं काहीतरी वळवळत होतं. पन्नास-साठ असावीत. "अंडी घातली की ही पिवळी होते. खात नाही, जागेवरून हलत नाही, जवळ येईल त्याला चावते. ते सगळं बरोबरच चाललं होतं तिचं." ती उठली आणि खोलीभर नजर फिरवली. "चौघं बाप्ये इथे, चारशे जण ग्रुपवर, एक सरकारी डॉक्टर. बाई पिवळी पडलीय, अन्न जात नाही, दार लावून बसलीय, नवरा जवळ आला की फाडून खातेय. आणि एकालासुद्धा वाटलं नाही, की बाळंतीण असेल?"

अमृतला दुकानातून फोन आल्यासारखं झालं. कुशाबांनी बोट तोंडातून काढलं.

"मला गुरुवारीच कळलं व्हतं," चुलीपाशी बसलेली बयाबाई म्हणाली.

गोरखभाऊ गर्रकन वळले. "मंग बोलली का न्हाईस?"

"मला कोन इचारलं?"

"न इचारता सांगायचं की!"

"सांगून काय व्हतंय? ह्यो आदेश पोटात व्हता, तवा मीबी पिवळी पडले व्हते. अन्न जाईना, कुणी समोर आलं की ओरबाडावं वाटायचं. सासूनं, जावंनं, सगळ्यांनी सांगितलं तुमाला. तुमी आण्याला गेलात आन् माळ घिऊन आलात. पाच म्हयने घातलीया मी."

कुशाबांचा चेहरा एकदम उजळला. "मीच दिलती ती! उतार पडला का न्हाई पन?"

"पडला की," बयाबाई म्हणाली. "सात पौंडाचा. ह्यो काय, हुबा हाय."

सगळ्यांनी आदेशकडे बघितलं. आदेशने काविळीचा उतार असल्यासारखी मान खाली घातली. तेजस्विनी हसली, आणि गोरखभाऊंना पहिल्यांदाच त्या हसण्यावर थोडा विश्वास वाटला. त्यांनी धीर करून विचारलं.

"मंग लगीन?"

"मी कुठे मोडतेय?"

गोरखभाऊंनी खुर्चीचा हात धरला.

"पण ठरलेल्या तारखेला नाही," ती म्हणाली. "बाळंतिणीला सव्वा महिना हलवत नाहीत, हो ना आई? तिलाही नाही. आणि एक ऐका. ही घाबरली, की स्वतःची पिल्लं स्वतःच खाऊन टाकते. मोठ्या आवाजाने तर नक्कीच. जमीन हादरली तरी बस. सव्वा महिन्याने मी येईन. करवंटीतली निम्मी जरी पोहताना दिसली, तर त्याच दिवशी तारीख काढू. एकही नाही दिसली, तर मला घर कळलं."

"आन् मुकादम?" आदेशने हंड्याकडे बोट दाखवलं.

"राहू दे तिथेच. बाळंतपणात त्याचा काय उपयोग?"

अमृत आणि कुशाबा चपला शोधायला लागले.

ती गेली. गोरखभाऊ ओट्यावर येऊन बसले. वैशाख तोंडावर होता. वाडीत अकरा लग्नं ठरलेली, प्रत्येकाच्या हळदीला डीजे. यात्रा पुढच्या आठवड्यात. बैलगाडे पळवायच्या घाटावरचा भोंगा तर इकडे बागेपर्यंत ऐकू यायचा. त्यांनी स्वतः आदेशच्या हळदीला असा डीजे सांगून ठेवला होता, ज्याच्या आवाजाने मागच्या वर्षी एका मांडवात तीन कुकरच्या शिट्ट्या आपोआप झाल्या होत्या आणि ज्याचं वर्णन ते महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला करत होते. ते उठले, आदेशला कोरा ताव आणायला सांगितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाचाही सल्ला न घेता स्वतःच्या हाताने लिहायला बसले.

प्रति,
मा. सरपंच,
ग्रामपंचायत, पिंपळवंडी.

विषय : गावात सव्वा महिना आवाज न होणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझे राहते घरी होणाऱ्या सुनेची मासोळी नामे चिंगी ही दि. गुरुवार रोजी प्रसूत झालेली असून बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. सदर बाळंतीण आवाजास घाबरून स्वतःची पिल्ले खाते, असे जाणकारांचे मत आहे. पिल्ले खाल्ली गेल्यास माझे चिरंजीव कायमचे अविवाहित राहण्याचा संभव असून त्यास गाव जबाबदार राहील.

तरी आजपासून सव्वा महिना गावच्या हद्दीत डीजे, बँजो, ताशा, तोफा व नवरदेवाच्या मित्रांचे नाचणे बंद ठेवण्यात यावे. ज्यांचे लग्न पुढे ढकलता येत नाही त्यांनी ते हळू आवाजात करावे. मंगलाष्टका मनातल्या मनात म्हणाव्यात. यात्रेतील बैलगाडा शर्यत यंदा बैल चालवत घ्यावी व निकाल फळ्यावर लिहून दाखवावा. बोअर मारणाऱ्या गाड्यांना वेशीवरूनच परत पाठवावे. ट्रॅक्टरवरील टेप काढून ग्रामपंचायतीत जमा करावेत. तसेच बिबट्या आल्यास फटाके वाजवू नयेत. त्यास हाताने खुणावून जाण्यास सांगावे.

अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन तातडीने मंजुरी मिळावी, व मंजुरीची दवंडी पिटू नये, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
गोरख गेणू वाळुंज

प्रत माहितीसाठी : वनविभाग (बिबट्यास समज देणेकामी).